साथीत सगळं गाव का आजारी पडत नाही?

मुखेडच्या मोंढ्यात सोयाबीनचं पोतं उतरलं की खरेदीदार ते सगळं रिकामं करून बघत नाही. टोकदार पोकळ नळी पोत्यात खुपसतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारून काडीकचरा उडवतो. तेवढ्यावर मालाचा निकाल लागतो.

तांबड्या पेशी सोडल्या, तर आपल्या शरीरातली जवळपास प्रत्येक पेशी हेच करते. आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे ती सतत बाहेर, आपल्या पृष्ठभागावर धरते. रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या फिरत्या टी पेशी ते तपासतात. त्यात विषाणूचा तुकडा दिसला, की ती अख्खी पेशी मारली जाते.

नमुना धरणारी जनुकं

तुकडे धरून दाखवणारे रेणू ज्या जनुकांवरून बनतात, त्यांना एचएलए म्हणतात. ती सहाव्या गुणसूत्रावर आहेत. फ्रान्सच्या झाँ दोसे यांना १९५८ मध्ये त्यांचा पहिला माग लागला आणि १९८० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. माणसाच्या दुसऱ्या कुठल्याच जनुकांत एवढी विविधता नाही. आजवर ३५ हजारांहून अधिक रूपं नोंदली गेली आहेत. प्रत्येक रूपाची पकड वेगळी, म्हणून तुमच्या पेशीला जो तुकडा धरता येतो तो माझ्या पेशीच्या हातून निसटू शकतो.

सगळ्यांत चांगलं वाण कोणतं?

नैसर्गिक निवड म्हणजे चांगलं तेवढं ठेवायचं आणि बाकीचं टाकायचं, असं आपण शाळेत शिकतो. इथे तसं होत नाही, कारण समोरचा जंतूही बदलत असतो. जे रूप गावात सर्वाधिक लोकांत असतं, त्याला चकवायला जंतू हळूहळू शिकतो. मग विरळा रूप असलेली माणसं तरतात, त्यांची लेकरं वाढतात, ते रूप पसरतं आणि जंतूचा मोर्चा तिकडे वळतो. सगळ्या शिवारात एकच वाण पेरलं की एका रोगात सगळं शिवार का बसतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

आईकडून आणि वडिलांकडून वेगवेगळी रूपं आलेल्या माणसाला जास्त तऱ्हेचे तुकडे दाखवता येतात. अशा माणसांत एचआयव्हीची लागण एड्सकडे सावकाश सरकते, हे १९९९ मध्ये दिसलं. त्याआधी, १९९१ मध्ये, पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात एड्रियन हिल यांना आढळलं की एचएलए-बी५३ असलेल्या मुलांना जीवघेणा मलेरिया कमी होतो. हे रूप त्याच भागात भरपूर आढळतं.

मलेरियाचा दुसरा ठसा मुखेडच्याच जिल्ह्यात, किनवट-माहूरकडच्या आदिवासी समाजांत आहे: सिकलसेल. हे प्रतिकाराचं जनुक नव्हे, पण नियम तोच. एक प्रत मलेरियापासून वाचवते, दोन आल्या तर लेकरू आयुष्यभर दुखणं सोसतं.

बचावाची किंमत

एचएलए-बी२७ असलेल्यांना पाठीचा कणा आखडणारा संधिवात होण्याचा धोका जास्त. एचएलए-बी१५:०२ असलेल्याला फिट्सवरचं कार्बामाझेपिन दिलं, तर क्वचित अंगावरची कातडी सोलून निघते. हे रूप आग्नेय आशियात जास्त, युरोपात जवळजवळ नाहीच. माझ्या मते यातून एक गोष्ट स्पष्ट होते: एका खंडात निर्धोक ठरलेलं औषध दुसरीकडे डोळे झाकून देऊ नये.

सोयरिकीचं वर्तुळ

भारतात जातीबाहेरची लग्नं सुमारे ७० पिढ्यांपूर्वी थांबत गेली, असं कल्याणीच्या राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेने २०१६ मध्ये मांडलं. त्यामुळे प्रत्येक समाजात एचएलए रूपांचं मिश्रण वेगळं राहिलं. याची खरी झळ थॅलेसेमियाच्या किंवा रक्ताच्या कर्करोगाच्या लेकराला बसते. त्याला अस्थिमज्जा द्यायची, तर एचएलए जुळावं लागतं. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. नाही जुळलं, तर साधारण त्याच वंशपरंपरेतल्या अनोळखी माणसात शोधावं लागतं.

मुंबई-चेन्नईत अशा दात्यांच्या याद्या आहेत. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की नमुना झाला. सुई नाही, दुखणं नाही. जर्मनीच्या तुलनेत मात्र आपली यादी फार तोकडी आहे. मुखेडच्या लेकराशी जुळणारा माणूस देगलूरला किंवा उदगीरलाही असू शकेल, पण त्याच्या गालावरून तो बोळा अजून फिरलेला नसतो.