ट्रेलर-ट्रकाच्या ब्रेकांतील हवेची गळती

कांदा अथवा द्राक्षें कंटेनरांत भरून न्हावाशेवा बंदराकडे धाडणाऱ्या आमच्या कांहीं वाचकांचे स्वतःचे ट्रेलर-ट्रक आहेत. नाशिककडून निघालेला माल कसारा घाट उतरून जातो, आणि तेथें तीस-चाळीस टनांचा भार मुख्यतः कोंडलेल्या हवेच्या जोरावर आवरावयाचा असतो. ही हवा कोठें व कशी गळते हें मालकासही ठाऊक असावें, म्हणून हा विषय घेतला आहे.

इंजिन चालू असतां कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरतो. टाक्या भरल्यावर दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें सात-आठ किलो असतो. पेडल दाबलें कीं ही हवा चाकांजवळच्या ब्रेक चेंबरांत शिरून तेथील रबरी पडदा ढकलते व ब्रेक लागतो. उभ्या गाडीच्या ब्रेकाची रीत उलट आहे: तो बळकट स्प्रिंगेनें लागतो आणि हवेनें सुटतो. हवा फार घटली तर तो आपोआप लागून चाकें जखडतात. हवा गेली म्हणजे ब्रेक लागावा, हें तत्त्व वेस्टिंगहाऊस यांनीं १८७२ सालीं आगगाडीकरितां योजिलें होतें. तत्त्व उत्तमच, परंतु भरल्या गाडीचीं चाकें घाटाच्या वळणावर एकाएकीं जखडणें हेंही संकटच होय.

खरी फसगत अशी कीं, चालत्या इंजिनांत लहान गळती दिसतच नाहीं. जितकी हवा जाते तितकी कॉम्प्रेसर भरून काढतो व काटा जागचा हालत नाहीं. आमच्या पाहण्यांतील एक ड्रायव्हर रोज सकाळीं दाब येईतों इंजिन चालवीत बसे, आणि "टाकी रात्रींतून सगळ्यांचीच उतरते" असें म्हणे. शोध केला तेव्हां दोष ट्रेलरच्या जोडांतील एका झिजलेल्या रबरी वायसरांत निघाला!

परीक्षा करावयाची ती सपाट जागीं. चाकांखालीं ठोकळे घट्ट बसवावे, टाक्या पूर्ण भरून इंजिन बंद करावें, आणि उभा ब्रेक सोडून एक मिनिट काटा पाहावा. मग एकानें पेडल दाबून धरावें. प्रथम काटा थोडा उतरेल, तो स्वाभाविक. त्यानंतरचें एक मिनिट महत्त्वाचें. अमेरिकेंतील ड्रायव्हरांच्या परीक्षेंत ट्रेलर जोडलेल्या गाडीस पेडल सुटें असतां मिनिटास तीन पौंड व दाबलें असतां चार पौंड, म्हणजे सुमारें पाव किलो, एवढीच घट चालते.

ह्यावरून दोषाची जागाही कळते. पेडल दाबल्यावरच हवा जात असेल तर पेडलाखालचा व्हॉल्व्ह, चेंबरचा पडदा किंवा ट्रेलरकडे जाणारी ब्रेकाची नळी पाहावी. उभा ब्रेक सोडल्यावरच जात असेल तर स्प्रिंगेच्या चेंबरचा पडदा फाटला असावा. दोन्ही वेळां जात असेल तर टाक्या, त्यांचे पाणी काढण्याचे कॉक आणि सदैव भरलेल्या नळ्या तपासाव्या. टाक्या भरतांच हवा सुकविणारें यंत्र एकदां "फुस्स" करतें ती गळती नव्हे. तो आवाज सतत येत राहिला तरच दोष समजावा.

कानावर सर्वस्वीं विसंबूं नये, कारण चासीखालीं आवाज भलतीकडून येतो. साबणाचें दाट पाणी ब्रशानें प्रत्येक जोडास लावावें. बुडबुडे फुगतात तेथें गळती. डिझेल किंवा रॉकेल मुळींच लावूं नये, त्यानें रबर बिघडतें.

फाटलेल्या नळीस ट्यूबची पट्टी गुंडाळण्याची चाल आम्हांस मान्य नाहीं, नळी बदलावी. नायलॉनची नळी घांसून गेली असल्यास खराब भाग सरळ कापून नव्या पितळी कड्यासह जोडावी. जोड हवेचा दाब असतां सोडूं नये. कॉकांत कचरा अडकला असेल तर धुतल्यानें भागतें.

एक काम मात्र घरीं कोणीही करूं नये. स्प्रिंगेच्या चेंबरचा पट्टा सोडल्यास आंतील स्प्रिंग गोळीसारखी उडते आणि माणूस दगावूं शकतो. तें चेंबर जाणत्या मिस्त्रीकडून अखंडच बदलून घ्यावें, आणि गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वीं वरील परीक्षा पुनः करावी.