कारला कार्बन फायबर बॉनेट बसवताय? आधी लॅच तपासा, चकाकी नंतर

रील्समध्ये काळं, विणीचं डिझाइन दिसणारं चकचकीत बॉनेट पाहिलं की कुणालाही मोह होतो. माझ्या एका मित्रालाही झाला. त्यानं आपल्या जुन्या सेडानसाठी ऑनलाइन बॉनेट मागवलं आणि एका रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही दोघांनीच ते बसवलं. दोघंही इंजिनिअर. चार बोल्ट तर काढायचे आणि लावायचे, त्यात काय एवढं!

पुढच्याच आठवड्यात मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर साधारण ९० च्या स्पीडला समोरून 'ठक्क' असा आवाज आला. बॉनेटची पुढची कड दोन बोटं वर उचलली गेली होती आणि वाऱ्यानं थरथरत होती. नशीब, लॅचच्या दुसऱ्या टप्प्यानं बॉनेट धरून ठेवलं. हळूहळू स्पीड कमी करत गाडी कडेला घेतली, तेव्हा दोघांचेही हात थरथरत होते. ते पूर्ण उघडलं असतं तर थेट काचेवर आदळलं असतं आणि समोरचं काहीच दिसलं नसतं.

चूक काय होती, तर जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. म्हणूनच आज आपण हे बॉनेट नीट बसवायचं कसं आणि नंतर जपायचं कसं, हे सविस्तर बघू.

कार्बन फायबर म्हणजे नेमकं काय?

कार्बनचे केसापेक्षाही बारीक धागे विणून कापड तयार करतात. ते कापड रेझिनमध्ये भिजवून साच्यात घट्ट करतात. म्हणजे तुमच्या हातात येतं ते नुसतं कार्बन नसतं, तर कार्बनचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. पुढे सगळ्या काळजीचा विषय हाच आहे, कारण धागे दणकट असतात, पण ऊन रेझिनला खातं.

वजनाचं बघायचं तर स्टीलची घनता ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, ॲल्युमिनियमची २.७ आणि कार्बन फायबर कंपोझिटची साधारण १.६. २००० साली आलेल्या निसान स्कायलाइन जीटी-आर व्ही-स्पेक २ ला कंपनीकडूनच कार्बन फायबरचं बॉनेट यायचं. २००४ च्या शेव्हरोले कॉर्व्हेट झेड०६ च्या खास आवृत्तीचं कार्बन बॉनेट नेहमीच्या बॉनेटपेक्षा साधारण एक तृतीयांश हलकं होतं. पण आपल्या रोजच्या गाडीत फरक पडतो तो काही किलोंचाच. त्यामुळे मायलेज किंवा पिकअप एकदम वाढेल, ही अपेक्षा ठेवू नका.

बाजारात साधारण चार प्रकार मिळतात:

- ड्राय कार्बन: रेझिन आधीच मोजून भरलेलं कापड, मग ऑटोक्लेव्ह नावाच्या भट्टीत उष्णता आणि दाब. सगळ्यात हलकं आणि सगळ्यात महाग.
- वेट कार्बन: कापडावर हातानं रेझिन लावून बनवलेलं. दिसायला छान, वजनाला थोडं जास्त.
- वर कार्बन, खाली फायबर ग्लास: स्वस्त बॉनेट बहुतेक याच प्रकारचं असतं. ते वाईट नाही, पण सांगाडा कसा आहे ते नक्की बघा.
- नुसता देखावा: स्टीलच्या बॉनेटवर कार्बनसारखी दिसणारी फिल्म. फक्त लूक हवा असेल तर हा सगळ्यात सुरक्षित आणि स्वस्त मार्ग आहे. मूळ बॉनेट, मूळ लॅच, काही बदलावं लागत नाही.

बॉनेट आलं की लगेच बसवू नका

आधी खोक्याचा आणि बॉनेटचा सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा. मग बॉनेट उलटं करून तीन गोष्टी तपासा. बिजागऱ्यांच्या बोल्टसाठी आत धातूच्या पट्ट्या किंवा नट पक्के बसवलेत का? पुढे यू आकाराचा लोखंडी हूक, म्हणजे स्ट्रायकर, ज्या जागी बसतो तिथे आतून धातूची प्लेट आहे का? आणि वरचा पत्रा व खालचा सांगाडा कडेनं सुटलेला तर नाही ना? स्ट्रायकरच्या जागी नुसतंच फायबर असेल तर ते बॉनेट परत पाठवा. चालत्या गाडीत सगळा ताण त्याच जागेवर येतो.

दुसरी गोष्ट, रंग किंवा पॉलिश करण्याआधी एकदा बॉनेट गाडीवर नुसतं ठेवून फिटिंग बघा. आम्ही सॉफ्टवेअरवाले टेस्टिंग केल्याशिवाय कोड लाइव्ह करत नाही, तसंच हे. एकदा रंगवलं की विक्रेता ते परत घेणार नाही.

बसवायची पद्धत

१. जुनं बॉनेट काढण्याआधी बिजागऱ्यांभोवती मार्करनं रेषा मारा. बॉनेट आणि फेंडर यांच्यामधल्या फटीचे फोटो दोन्ही बाजूंनी काढा. फेंडरच्या कडांवर आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यांवर मास्किंग टेपचे दोन-तीन थर लावा.

२. हे काम एकट्याचं नाही. काच धुण्याच्या पाण्याची नळी सोडवा, मग एकेका बाजूला एकेक जण धरून बोल्ट काढा.

३. नवं बॉनेट ठेवून बोल्ट आधी हातानंच लावा, वॉशरसकट. इम्पॅक्ट गन अजिबात वापरायची नाही. रेझिनमध्ये बसवलेला नट एकदा जागेवरच फिरायला लागला की तो दुरुस्त करणं डोकेदुखी असते. शेवटचं घट्ट करताना गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला टॉर्क पाळा.

४. दोन्ही बाजूंची फट सारखी करा. उंची जुळवायला पुढच्या कोपऱ्यांतले रबरी स्टॉपर फिरवून वर-खाली होतात.

५. इंजिनच्या वरच्या भागाला बॉनेट टेकतंय का हे बघायला एक घरगुती युक्ती आहे. कणकेचे छोटे गोळे प्लास्टिकमध्ये गुंडाळून इंजिनच्या उंच भागांवर ठेवा आणि बॉनेट अलगद खाली आणा. गोळा अगदी पातळ झाला तर तिथे जागा कमी आहे, असं समजा.

६. तुमच्या गाडीत बॉनेट उचलायला गॅस स्ट्रट असतील तर सावध राहा. ते जड स्टीलसाठी बनवलेले असतात. हलक्या बॉनेटला ते जोरात वर ढकलतात आणि बंद असतानाही कोपऱ्यांवर दाब देत राहतात, त्यामुळे पॅनल वाकू शकतं. कमी ताकदीचे स्ट्रट लावा, नाहीतर साधी टेकू देणारी दांडी वापरा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: लॅच

बॉनेटचं लॅच दोन टप्प्यांचं असतं. पहिला टप्पा बॉनेट घट्ट धरतो. तुम्ही आतला लिव्हर ओढला की तो सुटतो आणि बॉनेट थोडं वर येऊन दुसऱ्या टप्प्यावर अडकतं. तो टप्पा आपण बोटानं सोडवतो. अमेरिकेत तर एफएमव्हीएसएस ११३ या नियमानुसार, उघडल्यावर ड्रायव्हरची नजर अडवू शकणाऱ्या पुढच्या बॉनेटला असा दुसरा टप्पा किंवा दुसरं लॅच सक्तीचं आहे.

आमच्या बाबतीत स्ट्रायकर लॅचच्या मधोमध न उतरता कडेला घासत होता. बॉनेट आपटून लावल्यावर 'खट्' आवाज आला आणि आम्ही खूश झालो. पण पहिला टप्पा अर्धवटच अडकला होता. स्पीड वाढला की बॉनेटवरून वेगानं जाणाऱ्या हवेमुळे वरचा दाब कमी होतो आणि ग्रिलमधून आत शिरलेली हवा खालून ढकलते. त्यात रस्त्याची कंपनं. अर्धवट अडकलेलं लॅच यात सुटलं.

तुम्ही असं करा. स्ट्रायकरच्या टोकाला थोडं ग्रीस लावा आणि बॉनेट अलगद खाली आणा, आपटू नका. ग्रीसचा डाग लॅचच्या मधोमध पडला पाहिजे. पडला नाही तर स्ट्रायकर किंवा लॅच सैल करून सरकवा. मग बॉनेट दोन्ही हातांनी दाबून लावा आणि पुढची कड वर ओढून बघा. जराही हलता कामा नये. आता आतला लिव्हर ओढा. बॉनेट दुसऱ्या टप्प्यावर अडकलं पाहिजे, आणि त्या अवस्थेतही जोरानं ओढल्यावर उघडता कामा नये. ही चाचणी किमान दहा वेळा करा. एकदाही फसली तर गाडी पार्किंगमधून बाहेर काढायची नाही.

बॉनेट पिन लावाव्यात का?

हलक्या पॅनलला वरून धरणाऱ्या पिन हा चांगला जादा आधार आहे, पण नीट बसणाऱ्या लॅचला तो पर्याय नाही. भोक पाडायचं तर फिटिंग पूर्ण झाल्यावरच. दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप, धारदार बिट आणि कमी स्पीड. तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच, कारण ही धूळ अंगाला टोचते आणि श्वासातून आत जाते. शिवाय कार्बन वीजवाहक आहे, त्यामुळे बॅटरी आणि वायरिंग झाकून ठेवा. भोकाच्या उघड्या कडेला शेवटी इपॉक्सी लावून ती बंद करा, नाहीतर तिथून पाणी थरांमध्ये शिरतं.

कार्बनला टेकलेलं ॲल्युमिनियम आणि मध्ये खारट ओल, अशी स्थिती आली की छोटी बॅटरीच तयार होते आणि ॲल्युमिनियम गंजत जातं. मुंबई, रत्नागिरी, गोव्याच्या दमट हवेत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. स्टेनलेस स्टीलचे बोल्ट आणि मध्ये नायलॉनचे वॉशर वापरा.

पहिली चक्कर

मोकळ्या रस्त्यावर आधी ४० च्या स्पीडला चालवा, थांबा, तपासा. मग ६०, मग ८०. शेजारी बसलेल्याला फोनवर बॉनेटच्या पुढच्या कडेचा स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा. डोळ्यांना न दिसणारी थरथर त्यात स्पष्ट दिसते. थरथर असेल तर फिटिंगमध्ये गडबड आहे. १०० किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासा.

आता जपणूक: खरा शत्रू ऊन

उन्हातली अतिनील किरणं रेझिनचे रेणू तोडतात. आधी पिवळट झाक येते, मग पांढुरका धुरकटपणा, आणि शेवटी धागे उघडे पडतात. यापासून वाचवतो तो वरचा क्लिअर कोट. म्हणून खरेदी करतानाच विचारा, की क्लिअर कोट यूव्ही-रोधक आहे का? नुसतं जेलकोट किंवा रेझिनची चकाकी असेल तर चांगल्या पेंटरकडून टू-के यूव्ही क्लिअर मारून घ्या.

पुढचे पर्याय मोबाइलच्या भाषेत सांगतो:

- पीपीएफ म्हणजे गाडीचा स्क्रीन गार्ड. साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक फिल्म. हायवेवरचे खडे ती अंगावर झेलते.
- सिरॅमिक कोटिंग म्हणजे फोनच्या काचेवरचा बोटांचे ठसे न उमटू देणारा थर. जाडी जेमतेम एक-दोन मायक्रॉन. पाणी आणि धूळ चटकन निघते, पण खड्यांपासून संरक्षण शून्य.
- वॅक्स चकाकी देतं आणि काही आठवड्यांत धुऊन जातं.

बजेट एकाच गोष्टीचं असेल तर चांगला क्लिअर कोट आणि त्यावर पीपीएफ. सिरॅमिक नंतर.

रोजच्या सवयी सोप्या आहेत. गाडी सावलीत किंवा कव्हरखाली लावा. तापलेल्या बॉनेटवर पाणी मारू नका. पक्ष्यांची विष्ठा दिसली की लगेच ओल्या कपड्यानं काढा. धुण्याचा साबण नको, कार शाम्पू वापरा. आणि दर दोन महिन्यांनी मशीन पॉलिश करायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. प्रत्येक पॉलिशमध्ये क्लिअर कोट थोडा घासला जातो, आणि तो गेला की यूव्हीचं संरक्षणही गेलं.

खालून इंजिनची उष्णता असतेच. मूळ बॉनेटखाली उष्णतारोधक अस्तर असेल तर नव्यालाही तसंच बसवा. टर्बो बॉनेटच्या जवळ असेल तर तिथे परावर्तक शीट लावा, कारण जास्त तापलं की रेझिन नरम पडतं.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदी आणि उत्पादकाचा मूळ तपशील यांच्याशी न जुळणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही हीच भूमिका घेतली. त्यामुळे पैसे भरण्याआधी आपल्या आरटीओत विचारा. विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. आणि काही गाड्यांमध्ये पादचाऱ्याला धडक बसल्यावर आपोआप उचललं जाणारं बॉनेट असतं. तुमच्या गाडीत ते असेल तर या फंदात पडूच नका.

आमच्या त्या गाडीचं पुढे काय झालं? एका अनुभवी डेंटरनं स्ट्रायकर तीन मिलिमीटर सरकवला, खाली धातूची प्लेट टाकली आणि अर्ध्या तासात काम फत्ते केलं. मित्र आजही तेच बॉनेट वापरतो. फक्त आता गाडी काढण्याआधी तो न चुकता पुढे जातो आणि बॉनेटची कड एकदा वर ओढून बघतो. ही सवय तुम्हीही लावून घ्या.