जुना बोलपट आणि नवा कर्णा

जुना मराठी बोलपट घरी लावला की चित्राबद्दल फारशी कुरकुर होत नाही. तक्रार असते ती आवाजाची. "गाणी बरी लागतात, पण बोललेले कळत नाही," असे दहांतले आठजण म्हणतात. दुकानात विचारावे तर उत्तर ठरलेले: याहून मोठा संच घ्या. आम्ही कामगार संघटनेत आयुष्य घालवलेली माणसे. हप्त्याने वस्तू घेणाऱ्या घरांत आमची ऊठबस असते. म्हणून या उत्तराचा छडा लावणे हे आम्ही आमचेच काम मानले. शाळा आम्हांस फार लाभली नाही. पुस्तके वाचून आणि यंत्रे उघडून जे समजले, तेच आज श्रोत्यांपुढे मांडतो.

प्रथम हा आवाज मुळात कोठे राहत होता ते पाहू. आपल्याकडचा पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत लागला आणि पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला. पुढे अनेक वर्षे चित्रपटगृहात लागणाऱ्या प्रतींत आवाज होता तो चित्राच्या शेजारी छापलेल्या अडीच मिलिमीटर रुंदीच्या एका पट्ट्यात. या पट्ट्यावर काळ्यापांढऱ्याची नक्षी असे. एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा डोळा. मधून फीत सेकंदाला चोवीस चित्रे, म्हणजे सुमारे अठरा इंच, या वेगाने धावे. नक्षीतून प्रकाश कमीजास्त झाला की विजेचा प्रवाह कमीजास्त होई आणि पडद्यामागचा कर्णा बोलू लागे.

यातच दुखण्याचे मूळ आहे. त्या डोळ्याला नक्षी आणि धूळ यांतला भेद कळत नाही. फितीवर ओरखडा पडला की 'कट्' असा आवाज होतो, आणि फितीचे कण म्हणजे सततची खरखर. ही खरखर मुख्यतः वरच्या, पातळ सुरांत असते. तेव्हाच्या चित्रपटगृहांतले कर्णे आणि यंत्रे वरचे सूर मुद्दाम दाबत. १९३८ साली अमेरिकेतील चित्रपट अकादमीने याचे प्रमाणच ठरवून दिले आणि ते जगभर चालले. ध्वनिमुद्रण करणाराही हे गृहीत धरूनच आवाज थोडा धारदार ठेवी. आजचा संच काहीच दाबत नाही. सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचे सारे तो इमानाने ऐकवतो. जुन्या फितीत सहासात हजारांच्या वर बोलण्याचे फारसे काही नसते. असते ती खरखरच. म्हणजे संच जितका नवा आणि महाग, तितकी खरखर अधिक स्वच्छ! मोठा संच घेऊन तक्रार का मिटत नाही, ते श्रोत्यांच्या आता ध्यानात आले असेल.

दुसरी गोष्ट अशी की, जुना आवाज एकतोंडी आहे. तो पडद्यामागच्या एकाच ठिकाणाहून येई. घरच्या संचात मात्र समोर तीन, मागे दोन आणि घुमाऱ्यासाठी एक अशी सहा तोंडे असतात. एकाचे बोलणे सहाजणांनी थोड्या थोड्या अंतराने म्हटले तर शब्द विरघळतात. सभेत चार कर्णे वेडेवाकडे टांगले की वक्त्याचे काय होते, ते आम्ही पुष्कळदा अनुभवले आहे.

तेव्हा करायचे काय? यातल्या कुठल्याच उपायाला पैसा लागत नाही.

पहिला उपाय रिमोटवर आहे. 'हॉल', 'स्टेडियम', 'ऑल चॅनेल स्टिरिओ' अशा नावांच्या साऱ्या करामती बंद कराव्यात. 'मोनो' किंवा 'प्रो लॉजिक' अशी सोय असेल तर ती लावावी. डाव्या-उजव्या वाटेने सारखाच आलेला आवाज 'प्रो लॉजिक' मधल्या कर्ण्याकडे वळवते, आणि जुन्या बोलपटाला तेच हवे असते. मधला कर्णा नसेल तर दोन कर्ण्यांच्या बरोबर मध्ये बसावे.

दुसरा उपाय घुमाऱ्याचा, म्हणजे सबवूफरचा. जुन्या फितीच्या खालच्या टोकाला संगीत थोडे आणि विजेच्या पन्नास कंपनांची घरघर पुष्कळ. घुमारा अगदी मंद करावा, नाहीतर बंदच ठेवावा.

तिसरा उपाय 'ट्रेबल'चा. तो दोनतीन अंशांनी उतरवावा. त्याहून जास्त मात्र नको. दोन ते चार हजार कंपनांच्या पट्टीत आपली व्यंजने राहतात. ती दाबली गेली की 'साल' आणि 'शाल' एक होतात, 'काळा' आणि 'टाळा' एक होतात. खरखर थोडी उरली तरी चालेल, शब्द मात्र जाऊ देऊ नयेत, हा आमचा नियम आहे.

चौथा उपाय खोलीचा. शहाबादी फरशी, उघड्या भिंती आणि वर पत्रा असला की शब्द आपटून परत येतो. खाली सतरंजी अंथरावी, समोरच्या भिंतीवर गोधडी किंवा जाड पडदा सोडावा, मधला कर्णा कपाटातून काढून कानाच्या उंचीला ठेवावा. एवढ्याने जो फरक पडतो तो कोणत्याही कळीने पडत नाही.

पाचवी गोष्ट म्हणजे एक इशारा. 'नाइट मोड' नावाची कळ बारीक आवाज उचलते आणि मोठा दाबते. नव्या चित्रपटांना ती उपयोगी आहे. जुन्या फितीत मात्र लहानमोठ्या आवाजांतले अंतर आधीच थोडे असते. तेथे कुजबुजीबरोबर खरखरही वर येते.

सहावी गोष्ट प्रतीची. एकाच बोलपटाच्या दोन प्रती सारख्या नसतात. काही प्रतींत यंत्राने खरखर इतकी पुसलेली असते की माणसे पाण्याखालून बोलल्यासारखी वाटतात. काही तबकड्या चोवीसऐवजी पंचवीस चित्रांच्या वेगाने केलेल्या असतात. तेथे सारे काही सुमारे चार टक्के लवकर आटोपते आणि गाणे जवळजवळ अर्ध्या स्वराने चढते. पेटी जवळ घेऊन पाहिले तर हे पकडता येते.

काही गोष्टी मात्र दोष समजू नयेत. १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीस पडद्यावर गातात तो त्यांचा स्वतःचा आवाज आहे. त्या काळी मायक्रोफोन थोडे असत, आणि नट त्यांच्यापासून वळला की आवाज दूर जाई. कोणताही संच त्याला परत आणू शकत नाही. १९३७ च्या 'कुंकू'त शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत वापरलेच नाही. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज घेतले. भिंतीवरचे घड्याळही त्यात बोलते. तेथली शांतता हेतुपूर्वक ठेवलेली आहे. आवाज गेला असे समजून कळ फिरवू नये, पंखा बंद करावा.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्याच नगरात १९१८ साली जन्मलेल्या शाहू मोडकांनी १९३९ च्या 'माणूस'मध्ये साध्या पोलीस शिपायाची भूमिका केली. पगारावर जगणाऱ्या माणसाच्या मनाची ओढाताण मराठी पडद्यावर इतक्या सरळपणे क्वचितच आली असेल. ती त्याच्या बोलण्यात आहे. बोलणे गेले तर उरते ती फक्त टोपी आणि वर्दी. नगरच्या विडी कामगार स्त्रियांत कितीतरीजणींची घरची बोली तेलुगू आहे. त्यांना निम्मा शब्द ऐकून उरलेला ओळखणे दुप्पट अवघड जाते. शब्द स्वच्छ ऐकू येणे ही त्यांच्या दृष्टीने चैन नव्हे.

आणखी एक गोष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. साखर कारखान्याच्या गाळप विभागात किंवा यंत्रमागावर वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाचे कान प्रथम जातात ते चार हजार कंपनांच्या आसपास, म्हणजे व्यंजनांच्या गावाजवळच. अशा माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. घरचे म्हणतात, लक्ष नसते. तो म्हणतो, सिनेमाच जुना आहे. वरचे सारे उपाय करून इतरांना शब्द कळू लागले आणि एकालाच कळले नाहीत, तर दोष संचात शोधू नये. त्याचे कान तपासून घ्यावेत. गोंगाटाने येणारे बहिरेपण कायद्याच्या यादीत व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेले आहे. गेलेले ऐकणे परत मिळत नाही, पण उरलेले राखता येते. तपासणी मागणे यात लाजण्यासारखे काही नाही.

बोलपटांचेही तसेच आहे. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले म्हणून पुष्कळ काही वाचले. तरी २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत ज्वालाग्राही नायट्रेटच्या जुन्या फिती मोठ्या संख्येने गेल्या. प्रभातच्या ठेव्यालाही ती झळ लागली. जे उरले त्यावर खरखर आहे, ओरखडे आहेत. पण त्याखाली आपल्या आज्या-पणज्यांच्या काळची बोलण्याची ढब जिवंत आहे. ती नीट ऐकायला श्रीमंती लागत नाही. एक सतरंजी, दोन कळा आणि थोडी समजूत एवढे पुरते. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की आधी कळ फिरवावी, मग कान तपासावा, आणि खिशात हात घालायचाच झाला तर तो सर्वांत शेवटी.