तारपा ऐकू गेला पाहिजे

जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरचं सारवलेलं अंगण. मधोमध तारपा वाजवणारे आजोबा आणि त्यांच्याभोवती एकमेकांच्या कमरेत हात गुंफून उभी राहिलेली पोरं-पोरी. समोर स्टँडवर कॅमेरा, खाटेवर लॅपटॉप आणि पडद्यापलीकडे परदेशातल्या एका मराठी मंडळातली कुटुंबं. मी ध्वनी आणि थेट प्रक्षेपणाची कामं करतो, त्यामुळे त्या दिवशी यंत्रांची बाजू माझ्याकडे होती. तारपा सुरू झाला, नाच रंगला. पंधरा मिनिटांनी पलीकडून निरोप आला की पावलांचा आवाज येतोय, पोरांचं हसणं येतंय, पण वाद्य काही ऐकू येत नाही.

ऑनलाइन बैठकांच्या सॉफ्टवेअरमध्ये आजूबाजूचा गोंगाट आपोआप गाळायची सोय असते. पंखा, मोटार, मिक्सर असा सलग घुमणारा आवाज ती हेरते आणि कापून टाकते. भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानांपासून बनलेला तारपाही सलग घुमतो. वाजवणारा श्वास तुटू देत नाही, हेच तर त्याचं कसब. यंत्राने नेमकं तेच गोंगाट म्हणून कापलं. मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याचा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो. तो मी आधी चालू करायला हवा होता. आजोबांनी जीव ओतून वाजवलेली ती पंधरा मिनिटं कुणाच्या कानी गेली नाहीत, याची बोच अजून आहे. पडद्यावरच्या कार्यक्रमांच्या व्यवसायाबद्दल मला जे सांगायचं आहे, ते त्या अंगणातच मला उमगलं. या कामाला तारपा ओळखणारा माणूस लागतो, आणि तो माणूस जव्हार-मोखाड्यात आहे.

हा व्यवसाय बहरला तो 2020 च्या टाळेबंदीत. झूमवर रोज बैठकांना येणाऱ्यांची संख्या डिसेंबर 2019 मध्ये सुमारे एक कोटी होती, ती एप्रिल 2020 मध्ये तीस कोटींवर गेली. त्या जुलैत रिलायन्सने भागधारकांची वार्षिक सभा पूर्णपणे ऑनलाइन घेतली. जानेवारी 2021 मध्ये गोव्यातला 51 वा इफ्फी हा चित्रपट महोत्सव काही प्रत्यक्ष, काही ऑनलाइन असा दोन्ही अंगांनी झाला. यालाच ‘हायब्रीड’ म्हणतात. एक मांडव समोर, दुसरा पडद्यापलीकडे, आणि दोन्हीकडची माणसं सारख्याच मानाची.

मराठी माणसाच्या मनात ठसलेला असा सोहळा म्हणजे 3 डिसेंबर 2020 चा. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. स्टीफन फ्राय यांनी लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधून नाव जाहीर केलं, तेव्हा डिसले गुरुजी आपल्या घरी आई-वडिलांच्या शेजारी होते. नाव ऐकताच त्या घरात उसळलेला आनंद जगाने पाहिला. दहा लाख डॉलरचं ते बक्षीस. त्यातला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना देऊ केला. त्या काही मिनिटांमागे कुणीतरी आवाज तपासला होता, घरातला प्रकाश पाहिला होता, लंडन आणि सोलापूर जिल्हा एका धाग्यात धरून ठेवला होता. त्या कुणाचं नाव आपल्याला माहीत नाही. हा व्यवसाय त्या न दिसणाऱ्या माणसाचा आहे.

पुढे लाट ओसरली. ऑनलाइन कार्यक्रमांचं व्यासपीठ पुरवणारी लंडनची हॉपिन ही कंपनी 2019 मध्ये निघाली, 2021 मध्ये तिचं मूल्य पावणेआठ अब्ज डॉलर ठरलं आणि 2023 मध्ये तिला आपला कार्यक्रमांचा व्यवसाय विकून टाकावा लागला. माणसं पुन्हा प्रत्यक्ष भेटू लागली आणि ते चांगलंच झालं. मात्र काही गोष्टी कायमच्या राहिल्या. डॉक्टरांच्या परिषदा, कंपन्यांच्या सभा, सरकारी प्रशिक्षणं, परदेशातल्या मुलांनी दुरून पाहिलेली लग्नं आणि दुरूनच घेतलेलं अंत्यदर्शन. म्हणून ‘घरबसल्या लाखो कमवा’ असं सांगणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये, आणि ‘हे सगळं कोविडबरोबर संपलं’ असं म्हणणाऱ्यांवरही ठेवू नये. काम आहे, पण ते नीट येणाऱ्यालाच मिळतं.

आता जव्हार-मोखाड्याकडे येतो. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला, त्यातले हे दोन डोंगराळ तालुके. दोन्हीकडे आदिवासी लोकसंख्या नव्वद टक्क्यांहून जास्त. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. रेल्वे दोन्ही तालुक्यांत नाही. दिवाळी झाली की कितीतरी घरं कुलूप लावून भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. याच भागातल्या वावर-वांगणीचं नाव 1992-93 मध्ये कुपोषणाच्या बातम्यांमुळे राज्यभर पोचलं आणि पुढची कित्येक वर्षं बाहेरच्या जगाने या डोंगराला तेवढ्याच एका चौकटीत पाहिलं.

पण याच डोंगरात कार्यक्रम उभा करण्याची अशी विद्या आहे, जिच्यापुढे शहरातल्या इव्हेंट मॅनेजमेंटच्या वर्गांनी बसून शिकावं. ती म्हणजे बोहाडा, मुखवटे घालून सोंगं नाचवायचा उत्सव. होळीपासून वैशाखापर्यंत गावोगाव रात्री जागतात. आधी गणपती, सरस्वती येतात, मग रामायण-महाभारतातली सोंगं आणि शेवटी देवी आणि महिषासुराचं युद्ध. कुठलं सोंग कुठल्या घराने नाचवायचं, हे पिढ्यांपासून ठरलेलं. मुखवटे जड, नाचणाऱ्याला समोरचं धड दिसत नाही, म्हणून त्याला सांभाळणारे सोबत चालतात. सोंग बदललं की संबळाचा ठेका बदलतो. एक आत जातं तोवर पुढचं तयार हवं, उजेड धरणारा जागेवर हवा, सनईवाल्याचा दम राखायला हवा. हे सगळं रात्ररात्र चालतं, तेही कुणाच्या हातात कागद नसताना.

आमच्या धंद्यात ‘शो कॉलर’ नावाचा माणूस असतो. कानाला हेडफोन लावून तो सांगत राहतो: दुसरा कॅमेरा तयार, वक्त्याचा माईक उघडा, चित्रफीत लावा. कार्यक्रमाचा खरा कणा तोच. ज्या गड्याने पाच-सात वर्षं बोहाड्यात सोंगं आत-बाहेर सोडली आहेत, त्याला मी हे काम निर्धास्त शिकवायला घेईन. त्याला यंत्रं दोन महिन्यांत येतील. वेळेचं भान आणि नाचणाऱ्याची काळजी त्याच्याकडे आहेच, आणि ती वर्गात शिकवता येत नाही.

यंत्रांचं म्हणाल तर काही गोष्टी हिशेबाने समजून घ्याव्या लागतात. आपण मोबाइलवर पाहतो तेव्हा इंटरनेट खाली येत असतं. प्रक्षेपणात ते वर चढवायचं असतं, आणि डोंगरात ‘रेंज’ असली तरी हा चढता वेग फार कमी मिळतो. बरं दिसेल असं 720 दर्जाचं चित्र पाठवायला सेकंदाला साधारण अडीच मेगाबिट लागतात. म्हणजे तासाला 1.1 जीबीच्या आसपास. रोजच्या दीड जीबीच्या रिचार्जवर तासभराचा कार्यक्रम जेमतेम निघतो. बोहाड्याची आठ तासांची रात्र पाठवायची तर नऊ जीबी हवेत. मोजून जेवढा वेग मिळेल, त्याच्या निम्म्यावरच काम आखावं. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ठेवावीत. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून राउटर आणि लॅपटॉप दोन्ही बॅटरीवर हवेत. एवढं करूनही तार तुटलीच, तर पूर्ण रेकॉर्डिंग जागेवरच होत राहिलं पाहिजे, म्हणजे रात्री नाही तर सकाळी तरी ते पोचतं.

आवाज ही सगळ्यांत अवघड गोष्ट. चित्र थोडं अडखळलं तर माणूस सोसतो, आवाज फाटला की निघून जातो. हायब्रीडमध्ये आणखी एक पेच असतो. दूरचा वक्ता बोलतो, त्याचा आवाज मांडवातल्या कर्ण्यातून येतो, तोच मांडवातल्या माईकमध्ये शिरतो आणि वक्त्याला स्वतःचंच बोलणं क्षणभराने ऐकू येतं. तो गडबडतो. यावर उपाय म्हणजे त्याच्याकडे परत पाठवायच्या आवाजातून त्याचा स्वतःचा आवाज वगळायचा. याला ‘मिक्स-मायनस’ म्हणतात. ज्याला हे बांधता येतं, त्याला कामाची वाण पडत नाही. शिवाय यूट्यूबवर पाहणाऱ्याला सगळं पंधरा ते तीस सेकंद उशिरा दिसतं. सूत्रसंचालकाने ‘प्रश्न विचारा’ म्हणून लगेच ‘प्रश्न नाहीत असं दिसतं’ म्हटलं, तर दूरच्या माणसाचा अपमान होतो. तो प्रश्न तेव्हा वाटेत असतो.

शिकायचं कुठे, हा प्रश्न मला जव्हारच्या बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर एका बी.कॉम. झालेल्या मुलाने विचारला होता. पहिली शाळा आपल्या भागातच आहे. ठाणे-पालघर पट्ट्यात टेनिस क्रिकेटचे सामने आणि हळदी यूट्यूबवर थेट दाखवतात. धावफलक लावणारा, कॅमेरा बदलणारा, जाहिरातीची पट्टी सोडणारा तिथे हळूहळू तयार होतो. ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि जगभरातले व्यावसायिकही ते वापरतात. जुना लॅपटॉप, दोन फोन आणि एक बरा माईक एवढ्यावर सहा महिने सराव होतो. जव्हारला आणि मोखाड्याला महाविद्यालयं आहेत. त्यांची स्नेहसंमेलनं, व्याख्यानं या मुलांच्या हाती द्यावीत. अमेरिकेतल्या पीसीएमए संघटनेचं ‘डिजिटल इव्हेंट स्ट्रॅटेजिस्ट’ असं प्रमाणपत्रही आहे, पण ते डॉलरमध्ये आणि इंग्रजीत. पहिली काही वर्षं त्याच्यामागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात बहुधा चॅट सांभाळण्यापासून होते, म्हणजे कोण आत आलं, कुणाला ऐकू येत नाही, कुणाचा प्रश्न राहिला ते बघणं. मग वक्त्यांची जबाबदारी. आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन लावून त्याचा माईक, प्रकाश आणि नावाचा उच्चार तपासायचा. ही कामं कार्यक्रम मुंबईत असला तरी जव्हारच्या खोलीत बसून करता येतात. मराठी उपशीर्षकं लावणं, कार्यक्रमानंतर छोट्या चित्रफिती कापणं हेही. डोंगर न उतरता मिळणारं वेतन या तालुक्यांत किती मोलाचं आहे, ते भट्टीवर जाणाऱ्या घराला विचारावं. मुलींना तर या वाटेने घराजवळ राहून कमावता येईल, आणि शांतपणे चार जणांना सांभाळून घेण्यात त्या पुढे असतात हे मी कामावर पाहिलं आहे.

स्वतःचा गट काढायचा झाला तर उद्यम नोंदणी फुकट होते, आणि वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेतो सेवा व्यवसायाला साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण ठरलेलं कागदावर घ्यावं आणि निम्मे पैसे आधी घ्यावेत. ओळखीतलं काम म्हणून फुकट राबवणारे फार भेटतात. एकाचे पैसे मला स्वतःला आजवर मिळालेले नाहीत. मांडवात सिनेमाची गाणी लागली तर यूट्यूब प्रक्षेपण अडवू शकतं, हेही आयोजकाला आधी सांगून ठेवावं.

इथे थोडं थांबून एक गोष्ट कळकळीने सांगतो. बोहाड्याचे मुखवटे पुजले जातात. ते दिसतात म्हणून दाखवायचे, असं होत नाही. गावकी बसवून विचारायचं. जे दाखवू नका म्हणतील तिथे कॅमेरा खाली ठेवायचा, आणि जे मिळेल त्यातला वाटा गावाला द्यायचा. बाहेरच्यांनी वारली चित्रं साड्यांवर आणि भिंतींवर छापून पैसे केले आणि चितारणाऱ्या हातांना त्यातलं फार थोडं मिळालं. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना पद्मश्री मिळायला 2011 साल उजाडावं लागलं. प्रक्षेपणात तेच पुन्हा घडू नये, यासाठीही कॅमेऱ्यामागे गावचाच मुलगा किंवा मुलगी हवी. भट्टीवर राबणाऱ्या बापाला गावचं सोंग फोनवर दिसलं पाहिजे की नाही, हे त्या घरातल्या पोराला माझ्याहून बरं कळतं.

कामं कुठून येतील? मोखाड्याची शीव त्र्यंबकेश्वर तालुक्याला लागून आहे, आणि 2027 मध्ये नाशिक-त्र्यंबकचा सिंहस्थ भरतो आहे. तेव्हा प्रक्षेपणाला हात कमी पडतील. नाशिक जव्हारपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर. तिथल्या सभा-परिषदांना मुंबईहून माणसं आणण्यापेक्षा इथला गट सोयीचा. आणि पाड्यावर बसून जगाला वारली चित्रकला, तारपा शिकवण्याचे वर्ग घेता येतील. त्यांची किंमत मात्र आपण ठरवायची.

जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव 2026 च्या पद्मश्रीच्या यादीत आलं. त्यांनी आयुष्यभर तारपा वाजवला आणि घडवलाही, आणि नव्वदी ओलांडल्यावर देशाला त्यांचं नाव कळलं. इतर वादक अजून अंगणात वाजवताहेत.

दिवाळी अंक वाचणाऱ्यांत मंडळांचे पदाधिकारी, संमेलनांचे आयोजक, महाविद्यालयांचे प्राचार्य आहेत, परदेशातली कुटुंबं आहेत. पुढचा दोन्ही अंगांचा कार्यक्रम ठरवाल तेव्हा त्यातलं एक काम जव्हार-मोखाड्याच्या मुलांना द्या. पूर्ण दराने द्या, आणि आदल्या दिवशी त्यांच्याबरोबर आवाज तपासायला वेळ काढा.