कोनमापक हाती, उत्तर मात्र हरवलेली

कोल्हापूरच्या महालक्ष्मी मंदिरात वर्षातून दोनदा, १० नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी या तारखांच्या आगेमागे, किरणोत्सव होतो. मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यात येतात आणि देवीच्या चरणांपासून मुखाकडे चढत जातात. जवळच्याच पेठ वडगावातील अनेक मुलांनी तो सोहळा पाहिला असेल. परंतु त्याचे कोडे आपल्या कंपासपेटीतील कोनमापकाने उलगडते, हे त्यांना कोणी सांगितले आहे काय?

उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेला कोन म्हणजे दिगंश. पूर्व ९० अंश, दक्षिण १८०, पश्चिम २७०. किरणोत्सवाच्या सुमारास सूर्य पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेस, म्हणजे २५२ अंशांवर मावळतो. १० नोव्हेंबरनंतर ४१ दिवसांनी, २१ डिसेंबरच्या सुमारास, तो दक्षिणेचे टोक गाठून परततो आणि आणखी ४१ दिवसांनी, ३१ जानेवारीस, त्याच जागी येतो. सोहळा दोनदा होतो तो यामुळेच. या किरणांच्या वाटेतील इमारतींच्या अडथळ्यांविषयी कोल्हापुरात वर्षानुवर्षे चर्चा झाली. तीही मुळात दिगंशाचीच चर्चा होय.

वर्गात मात्र विद्यार्थी कोनमापकाची आधाररेषा सवयीने आडवी ठेवतो. ती उत्तररेषेवर ठेवावयाची असते, हे त्याच्या ध्यानी येत नाही आणि उत्तर ९० अंशांनी चुकते. दुसरी अडचण अशी की कोनमापक १८० अंशांवर संपतो. नकाशावर वडगावपाशी उत्तररेषा काढून कोल्हापूरकडील कोन डावीकडून मोजला, तर तो सुमारे १५० अंश भरतो. तो ३६० मधून वजा केला की दिगंश मिळतो : २१०. परतीच्या वाटेचा दिगंश १८० अंशांनी कमी, म्हणजे ३०. ही वजाबाकी पाठ करून गुण मिळतात. पण वर्गाबाहेर उभे करून ‘कोल्हापूर कोणीकडे?’ असे विचारले, तर किती हात अचूक उठतील?

यास खर्चिक साधने लागत नाहीत. पटांगणात काठी उभी रोवावी, तिच्याभोवती दोरीने वर्तुळ आखावे आणि सकाळी व दुपारी सावलीचे टोक वर्तुळास जेथे टेकेल त्या दोन जागी खुणा कराव्यात. खुणांना जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम; तिला काटकोनात उत्तर. शुल्बसूत्रांइतकी जुनी ही रीत एका दिवसात शिकविता येते.

आज मोबाइल बोटाच्या स्पर्शाने वाट दाखवितो, हे खरे. परंतु शेताच्या बांधावरून वाद उभा राहतो, मोजणीचा नकाशा पुढे येतो, तेव्हा त्यावरील उत्तरेचा बाण ज्यास जमिनीवर लावता येत नाही, त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. गणिताने माणसास ज्या परावलंबनातून सोडवावयाचे, त्यातच आपण त्याला ठेवीत आहोत. भूमितीचा एक तास तरी पटांगणात व्हावा, एवढीच अपेक्षा आहे.