पंखाची कैफियत

स्वनाच्या दुप्पट वेगाने प्रवासी नेणारे कॉन्कॉर्ड विमान २ मार्च १९६९ रोजी तुलूझ येथे प्रथम आकाशात झेपावले आणि २००३ साली निवृत्त झाले. त्याचे २,०८३ तुकड्यांचे, सुमारे एक मीटर लांबीचे लेगो प्रतिरूप दिवाळीच्या सुटीत नंदुरबारच्या घरी भाचीसह जोडीत असता, त्या यंत्राच्या सौंदर्याविषयीची माझी समजूत पुष्कळच पालटली.

प्रारंभी तुकड्यांची प्रतवारी करावी लागते, आणि बहुतेक तुकडे शुभ्रच असल्याने केवळ आकारावर भिस्त ठेवावी लागते. मग पुस्तिकेबरहुकूम धड आकारास येते. त्याच्या पोकळीतून दाते व दांड्या यांची यंत्रणा नेलेली असून शेपटाचे टोक फिरविले असता चाके खाली उतरतात. धड बंद करण्यापूर्वी ती सुरळीत फिरते की नाही हे पाहून घेणे इष्ट, कारण पुढे तेथवर बोट पोहोचत नाही.

पंखाचे काम अधिक चिंतनाचे. ठोकळा स्वभावतः चौकोनी, तर या पंखाची कड निमुळत्या टोकापासून सावकाश रुंदावत, बाक घेत मागे जाणारी. तो बाक तिरक्या तुकड्यांच्या जुळणीतून साधावा लागतो. "मामा, याचं नाक खाली का वाकतं?" असे भाचीने विचारले, तेव्हा मी प्रतिरूप उतरत्या विमानासारखे नाक वर करून तिच्या डोळ्यांच्या रेषेत धरले. वैमानिकाला धावपट्टी दिसणार नाही हे तिच्या क्षणार्धात ध्यानी आले आणि तिने स्वतःच ते नाक खाली झुकविले. मंद गतीत पुरेशी उचल मिळावी म्हणून या पंखाला असे तिरके राहावे लागे; म्हणूनच मूळ विमानाचे नाक साडेबारा अंशांपर्यंत झुके, म्हणूनच त्याचे पाय उंच, आणि म्हणूनच शेपटाखाली जमिनीच्या घर्षणापासून रक्षणारी छोटी चाके. एका पंखाच्या निर्णयाने बाकीचा सारा तपशील ठरविला होता.

वेगाची किंमतही जबर होती. इंधनाची अतोनात भूक आणि स्वनाघाताचा धमाका यांपायी एकामागून एक कंपन्या मागे फिरल्या. मुंबईच्या एअर इंडियाने दोन विमानांसाठी राखून ठेवलेला हक्कही १९७५ साली सोडून दिला.

असे महागडे खोके आपल्या जिल्ह्यातील किती मुलांच्या हाती पडणार? परंतु पुठ्ठ्याचा एक त्रिकोणी पंख कापून, त्याला वाकणारे नाक जोडून, ते तिरके धरून दाखविणे जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेत शक्य आहे. आणि यंत्राच्या प्रत्येक अवयवाला 'कशासाठी?' असा सवाल करण्याची सवय मुलाला एकदा जडली, की त्याच्या विज्ञानशिक्षणाचा पाया घातला गेला असे मी निःशंकपणे मानतो.