चित्र बिबट्याचे आणि त्याच्या रानाचे

सन २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात बेळगावच्या गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या वावरू लागला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आपल्याकडे बिबट्याला आजही सर्रास चित्ता म्हटले जाते. चित्रकाराला मात्र ही गफलत परवडत नाही. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके असतात आणि डोळ्यापासून ओठापर्यंत काळी रेघ उतरते. बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांची पोकळ वर्तुळे असतात. काळा बिबट्या ही निराळी जात नव्हे. तिरप्या उन्हात त्याच्याही अंगावर तीच वर्तुळे उमटतात.

परंतु केवळ प्राणी हुबेहूब साधला म्हणजे चित्र खरे झाले, असे आम्हांस वाटत नाही. जॉर्ज स्टब्स या इंग्रज चित्रकाराने सन १७६५ च्या सुमारास हिंदुस्थानातून विलायतेस गेलेला एक चित्ता रंगविला. चित्ता अस्सल, सोबतचे दोघे हिंदी सेवकही अस्सल. पार्श्वभूमीचा डोंगर तेवढा कल्पनेतला! निपाणीच्या शेजारी कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवीत. पुढे १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. बिबट्या बेळगावात शिरला त्याच वर्षी, सप्टेंबरात, नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात सोडावे लागले. रान आणि प्राणी यांची ताटातूट झाली, की मागे चित्रच तेवढे उरते.

बेळगावला वास्तववादी चित्रकलेची मोठी परंपरा आहे. के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली येथे अनेक विद्यार्थी घडले; रवी परांजपे (१९३५–२०२२) हे त्यांपैकीच एक. समोर दिसते ते आधी नीट पाहावे, मग रेघ ओढावी, ही या परंपरेची शिकवण.

तीच दृष्टी घेऊन खानापूरच्या रानाकडे पाहावे. तेथील भीमगड अभयारण्य २०११ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर आहे. जांभूळ-किंजळीच्या पानांतून गाळून येणारा प्रकाश जमिनीवर कवडशांची जाळी पसरतो, आणि बिबट्याचे ठिपके त्या जाळीतच विरून जातात. म्हणून त्याला रंगविणाऱ्याने आधी ती सावली रंगविण्यास शिकले पाहिजे.

आपल्या घरातील मुले बिबट्याचे चित्र काढू लागली, तर त्यांना एवढेच सांगावे: त्याच्याभोवतीचा कागद कोरा सोडू नका. रानाविना काढलेला बिबट्या पिंजऱ्यातल्यासारखाच दिसतो.